पोपड्यांचा डबा

भिंत दाखवली की बाकीचे रंगारी वर बघतात. किती उंच आहे, शिडी पुरेल की परांची बांधावी लागेल, याचा हिशोब मांडतात. पोपडेकाका खाली बसायचे. उकिडवे बसून जमिनीपासून वीतभर वर तळहात टेकवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा, आणि डोळे मिटून घ्यायचे. मग खिशातलं नाणं काढून त्याच्या कडेने जुन्या रंगावर एक फराटा ओढायचे. मग चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवायचे आणि झटक्यात उपटायचे. पट्टीला काय लागून आलं ते उजेडाकडे धरून बघायचे. एवढं सगळं झालं की मालकाला सांगायचे, "आत ओल आहे. महिनाभर हात लावू नका."

"अहो काका, रंग मारायचाय, संसार नाही करायचा तिच्याशी!"

"संसारात माणूस निभावून नेतो. भिंत नाही नेत. सहा महिन्यांत फुगून बसेल. मग लोक विचारतील, रंग कोणी मारला? ओल कोणी ठेवली, असं कोणी विचारत नाही."

या स्वभावापायी त्यांची निम्मी कामं गेली. ठेकेदार त्यांना पाण्यात पाहायचे. ज्यांना चार दिवसांत चकचकाट हवा असतो ते लोक दुसरीकडे जायचे आणि दोन वर्षांनी तोंड पाडून परत यायचे. काका कधी 'मी सांगितलं होतं' म्हणायचे नाहीत. खरवडायचा पत्रा घेऊन बसायचे. त्यांच्या मते रंगकाम म्हणजे चार दिवसांतले तीन दिवस खरवडणं, घासणं, भेगाखड्ड्यांत लांबी भरणं, पुन्हा घासणं. उरलेला एक दिवस रंग. लांबी वाळायच्या आत रंगाचा डबा उघडणाऱ्या रंगाऱ्याला ते म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

रंग निवडायचीही त्यांची रीत होती. दुकानातलं शेडकार्ड ते मालकाच्या हातातून काढून घ्यायचे आणि दुमडून खिशात घालायचे. "हा स्थळाचा फोटो आहे. फोटोत सगळेच गोरे असतात." मग निवडलेल्या रंगाचे दोन-दोन हाताचे चौकोन प्रत्येक भिंतीवर मारायचे, खिडकीच्या बाजूला एक आणि अंधाऱ्या कोपऱ्यात एक, आणि मालकाला तीन दिवस त्यांच्यासोबत राहायला लावायचे. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. एकच रंग तीन वेळा तीन तोंडं दाखवतो. जे तोंड सगळ्यात वाईट, ते तुम्हाला चालत असेल तर तो रंग घ्या.

एवढा शहाणा माणूस. आणि त्याच्या हातून जे झालं ते त्याच्यासारख्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. रंगाचा ज्याला काही सोस नाही त्याच्या हातून ते झालंच नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

खरं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. पोपडेकाका हे नाव पडलं ते पोपड्यांवरून. जुनी इमारत खरवडताना रंगाचा एखादा पोपडा असा निघतो की त्याची कड बघितली तर थरावर थर दिसतात. वर फिका निळा, त्याखाली पिस्ता, त्याखाली मातकट, त्याखाली हळदीसारखा पिवळा, तळाशी चुन्याचा पांढरा. काका सांगायचे, हे घराचं वय आहे. कोणता मालक हौशी होता, कोणी नुसतं उरकलं, कोणाच्या काळात हात आखडला, सगळं त्या कडेवर वाचता येतं. प्रत्येक इमारतीतला एक चांगला पोपडा ते कागदात बांधून घरी न्यायचे. बरेच रंगारी विड्यांची थोटकं घरी नेतात, हा माणूस घराच्या आठवणी न्यायचा, असं लोक हसून म्हणायचे. मीही हसले आहे.

घरी दोन खोल्या. बायको, तिला सगळे काकू म्हणतात, शाळेत झाडलोटीला. आणि एकुलती मुलगी, ठकी. हे घरातलं लाडाचं नाव. बाहुलीसारखी दिसायची म्हणून. आज ती अठ्ठावीस वर्षांची आहे. बोलते, पण चार-पाच शब्दांचं. हिशोब येत नाही. रस्ता एकटीने ओलांडता येत नाही. आणि रंगाची नजर अशी की सकाळी एका दुकानात पाहिलेला हिरवा संध्याकाळी दुसऱ्या दुकानात अचूक काढून दाखवेल. काका अवघड जागी रंग जुळवायचा असला की तिला घेऊन जायचे. ती बादलीत बघायची, मान हलवायची. "अजून काळा." काका थेंबभर काळा टाकायचे. "आता."

ते पोपडे ठकीचे होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. दोन वर्षांची असल्यापासून तेच तिचं खेळणं. ती ते जमिनीवर ओळीने मांडायची, कडा बघायची, बोटाने वरचा थर दाखवून विचारायची, "खाली काय?" काका सांगायचे, "खाली हिरवा." "त्याच्या खाली?" "पिवळा." पिवळा आला की तिला हसू फुटायचं.

आता मी यात कुठे आले ते सांगते. रंगारी आणि बांधकामावरचे मजूर यांची आमची एक संघटना आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. मला लोक वकीलबाई म्हणतात. वकिलीच्या कॉलेजची पायरीही मी चढलेली नाही. सिमेंटच्या गोण्या उचलायचे, गोण्यांवरची अक्षरं वाचत वाचायला शिकले, आणि मग कायद्याची पुस्तकं. शिकलेल्यांनी हे टोमण्याने ठेवलेलं नाव मी पदवीसारखं वापरते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत मी शिशावर बोलले. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्यात. कोरडं खरवडलं की त्याची धूळ उडते. ती कपड्यांवरून घरी जाते. मोठ्या माणसाच्या सांध्यांत बसते, हाताचं बळ नेते; लहान मुलाच्या डोक्यात बसते. मी वाचून आले होते, आणि नवं काही वाचलं की मला ते दहा जणांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "आणि ते चवीला गोड असतं! पोरं पोपडा उचलून चोखतात, आईबाप कौतुकाने बघत बसतात, आणि पोराच्या डोक्याची वाट लागते!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिसऱ्या रांगेतून काका उठले आणि दाराकडे चालू लागले.

मला राग आला. सभेतून उठून जाणारा माणूस मला सहन होत नाही. मी वरून ओरडले, "काका, तुमच्याच जिवासाठी बोलतेय मी, आणि तुम्हीच पळताय?"

ते वळले नाहीत. नंतर कितीतरी महिने बैठकीला आले नाहीत. मी चारचौघांत म्हणून टाकलं, म्हातारा अडाणी आहे, हट्टी आहे. हेही मी लिहून ठेवते, कारण मी ते म्हटलं होतं.

दोन वर्षांनी ते आले. एकटे, दुपारचे, खोलीत कोणी नसताना. त्यांचा उजवा हात मनगटातून खाली लोंबायला लागला होता. ब्रश धरताना डाव्या हाताचा आधार द्यावा लागायचा. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत पोपडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा.

"काकू जिथे झाडते त्या शाळेचा आहे. शाळेला नवा रंग देणार आहेत. ठेकेदाराने घासायचं यंत्र आणलंय. सुट्टीच्या दोन दिवसांत सगळं घासून टाकणार, सोमवारी पोरं त्याच वर्गात. हे तपासून आणा."

"आणते. पण काका, एवढे दिवस कुठे होता?"

ते बाकावर बसले. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा रंगाचा एक जुना डाग उकरत राहिले.

"वकीलबाई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, गोड असतं. मी घरी जाऊन डबा उघडला. पिवळा पोपडा जिभेला लावला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गोड आहे."

मग सांगितलं. ठकी दोन-तीन वर्षांची असताना पोपडे तोंडात धरायची. पिवळ्या थराचे तर चोखून चोखून पांढरे करायची. ते दोघं हसायचे. काका कामावरून येताना मुद्दाम पिवळा थर असलेला पोपडा शोधून आणायचे. तिचं पोट दुखायचं, दिवसदिवस रडायची, एकदा झटका आला. बोलणं लांबलं. काकांच्या आईने ठरवून टाकलं, की सुनेने गरोदरपणी पाण्याच्या कळशा उचलल्या, जिन्यावरून घसरली, तिथेच पोरीचं नशीब फुटलं. काकू खरोखर घसरली होती. म्हणून तिने ते मान्य केलं. मान खाली घालून मान्य केलं, आणि गेली पंचवीस वर्षं ती ते मान्य करत आली होती. सासू वारली तरी. शेजारीण विचारते, मुलगी अशी कशाने हो? काकू सांगते, माझ्याकडूनच झालं.

"तिला अजून माहीत नाही," काका म्हणाले.

"डॉक्टरला विचारलंत?"

"विचारलं. ते म्हणाले, आता इतक्या वर्षांनी रक्तात काही सापडणार नाही. असू शकतं, पण नक्की सांगता येणार नाही."

आणि मी, जिला लोक वकीलबाई म्हणतात, मी म्हणाले, "मग झालं तर. नक्की नाही ना? कशाला उकरून काढताय? झाकली मूठ राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी अजून ते विसरलेले नाही. "वकीलबाई, तुम्हीसुद्धा?"

डब्याचं काय केलं, असं मी विचारलं. म्हणाले, त्या रात्रीच ठकीला सांगितलं, हरवला. गटारात टाकावा तर तिथे पोरं खेळतात. जाळावा तर धूर. म्हणून प्लास्टिकच्या चार पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवलाय. ठकी दोन वर्षं तो शोधते आहे. गादीखाली बघते, पिंपामागे बघते, काकूच्या पेटीत बघते.

"माझ्या समोर शोधते," काका म्हणाले.

तपासणीचा कागद आला. चालतं त्याच्या कितीतरी पट शिसं. मी तो कागद घेऊन शाळेत गेले, पोरांना महिनाभर लांब ठेवा म्हणाले. मुख्याध्यापिका, त्यांना तिथे मोठ्या बाई म्हणतात, वाईट नव्हत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. "पण बाई, महिनाभर शाळा बंद ठेवली तर ही पोरं जाणार कुठे? यांच्या घरी दुपारी कोणी नसतं. आणि काम आत्ता झालं नाही तर रंगासाठी मंजूर झालेली मदत परत जाईल." त्यांनी पालकांची सभा बोलावली. शुक्रवारी सभा, शनिवारी यंत्र सुरू. एवढाच वेळ होता.

सभेला चाळीसेक पालक आले. बायका जास्त. मोठ्या वर्गात बाकांवर दाटीवाटीने बसले. भिंतींचा खालचा पट्टा गडद हिरवा, वरचा भाग मळलेला पिवळा, खिडकीखाली जागोजागी फुगून सुटलेला. काकू दाराशी झाडू घेऊन उभी होती. सभा संपली की तिलाच वर्ग झाडायचा होता. काका मागच्या बाकावर, पोरांच्या बाकात गुडघे अडकवून.

ठेकेदार बोलायला उभा राहिला. बोलायला गोड माणूस. "मी कोणाचा शत्रू नाही. माझीही पोरं आहेत. पण मला सांगा, आपण सगळे असल्याच रंगाच्या शाळांत शिकलो की नाही? मेलो का?"

लोक हसले.

"वकीलबाईंचं डोकं तर चांगलंच चालतं. त्यांनी भिंती कमी चाटल्या असतील!"

आणखी हसले. इथे मी घाण केली. माझं डोकं फिरलं. मी त्याला चोर म्हणाले, त्याचा बाप काढला, मोठ्या बाईंना त्याची मिंधी म्हणाले. कागद फडकवत राहिले. लोकांच्या तोंडावरून मला कळत होतं की सभा माझ्या हातातून निसटली. पुढच्या बाकावरची एक आई दुसरीला म्हणाली, "चल गं, हे यांचं आपसातलं भांडण आहे."

तेव्हा मागे बाक खरडल्याचा आवाज झाला. काकांना त्या बाकातून पटकन बाहेर पडता येत नव्हतं. एकाने हात दिला.

ते पुढे आले नाहीत. जिथे होते तिथूनच बोलले, भिंतीवर हात ठेवून.

"मी रंगारी आहे. चाळीस वर्षं खरवडतोय. ही शाळासुद्धा दोन वेळा मीच रंगवली. दाराशी उभी आहे ती माझी बायको. माझी मुलगी तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे."

ठकीला सगळे ओळखतात.

"ती लहान असताना मी तिला असल्या भिंतीचे पोपडे आणून द्यायचो. खेळायला. ती ते तोंडात घालायची. हा पिवळा आहे ना, हा तिला आवडायचा. गोड असतो तो. मी शोधून आणायचो. लोकांनी सांगितलं, हिच्या आईचं चुकलं. मीही तेच समजून चाललो. डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येणार नाही. पण मी तिला चोखताना बघितलंय. माझ्या हाताने दिलंय. तिच्या आईकडून काही झालेलं नाही. हे मला इथे सांगायचं होतं."

पुढचं बोलणं कामाचं होतं, आणि ते त्यांना जमत होतं.

"यंत्र लावलंत तर पिठासारखी धूळ होईल. झाडून जात नाही ती. पुस्तकांवर बसेल, पाटीवर बसेल. शाळा बंद करायची गरज नाही. एका वेळी दोन वर्ग घ्या. दाराला प्लास्टिक लावा. जो रंग भिंतीला धरून बसलाय त्याला छेडू नका, त्याच्यावर नवा चढेल. जो सुटलाय तेवढाच काढायचा, आणि ओला करून काढायचा. पत्र्याने, हाताने. रोज काम संपल्यावर झाडू नाही, ओलं फडकं. मी करतो. माझा हात आता फार चालत नाही, पण सुटलेलं काढायला जोर लागत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठेकेदार आपल्या बोटातली अंगठी फिरवत होता. मगाशी उठून चाललेली आई परत बसली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "माझा पोरगा पहिलीत आहे. तो पेन्सिल पण चघळतो." एवढंच. मग दुसरी बोलली, मग तिसरी. मोठ्या बाईंनी यंत्राचं काम तिथेच थांबवलं.

मी दाराकडे बघितलं. काकूने झाडू भिंतीला टेकवून ठेवला होता. ती काकांकडे बघत होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं." तिने ते शब्द उलटून पालटून बघितल्यासारखे उच्चारले. "दोन वर्षं मी रोज तुमच्या ताटात वाढत होते, आणि तुम्ही गप्प बसून जेवत होता. पंचवीस वर्षं तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मी सोडून देईन. या दोन वर्षांचं काय करू?"

ती निघून गेली. त्या दिवशी वर्ग मोठ्या बाईंनी स्वतः पुसला.

काम सोमवारी सुरू झालं. काका आणि आमच्या संघटनेतले तीन रंगारी. दाराला प्लास्टिक, तोंडाला जाड मास्क, कामाचे कपडे शाळेतच धुवून तिथेच टांगायचे. काम चाललेल्या वर्गांची पोरं पटांगणात, झाडाखाली शिकत होती आणि त्याची त्यांना मजा वाटत होती. पहिले तीन दिवस काकू शाळेत आली, आपलं काम केलं, आणि काका असतील त्या वर्गाकडे फिरकली नाही. घरीही बोलत नव्हती. काका मला काही म्हणाले नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडून नुसते बसायचे.

चौथ्या दिवशी मी प्लास्टिक बाजूला करून आत डोकावले. काका खिडकीखाली बसून पत्रा चालवत होते. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलेलं. माझ्या पाठोपाठ काकू आली. हातात बादली, दुसऱ्या हातात फवाऱ्याची बाटली. तोंडाला मास्क. ती त्यांच्या शेजारी बसली, आणि जिथे पत्रा चालत होता त्याच्या वीतभर पुढे भिंतीवर पाणी मारायला लागली.

"कोरडं राहतंय," ती म्हणाली. "पाणी कमी मारताय तुम्ही."

"हात लोंबतो गं. बाटली दाबवत नाही."

"मग सांगायचं."

यापुढे त्यांच्यात माफीचं बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला तोवर आली होती. पण उरलेले आठही दिवस ती पाणी मारत होती आणि ते खरवडत होते. मधूनमधून तिचा आवाज यायचा, "इथे राहिलंय." "तिथे नका, तो धरून बसलाय."

रंग निवडायचा दिवस आला. ठेकेदाराने आधी शेडकार्डावरून भगभगीत नारिंगी काढून ठेवला होता, 'पोरांना उत्साह येतो' म्हणून. काकांनी चार रंगांचे चौकोन मारले. तीन दिवस ठेवले. प्रत्येक डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं मी स्वतः वाचलं, आणि शिवाय प्रत्येकाचा थेंब तपासायला पाठवला, कारण डब्यावर काय लिहायचं ते डबा विकणाराच ठरवतो. तिसऱ्या दिवशी काका ठकीला घेऊन आले. ती चारही चौकोनांसमोर उभी राहिली. पिवळा तिने बघितला आणि हसली. मग खिडकीकडे बघितलं, परत भिंतीकडे. फिक्या आभाळी रंगावर बोट ठेवलं.

"हा. पाटी दिसते."

खरंच, त्या रंगावर काळा फळा सगळ्यात स्वच्छ दिसत होता. आम्हा कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

खरवडलेला सगळा कचरा जाड पिशव्यांत भरून एका कोपऱ्यात बांधून ठेवला होता. धोकादायक कचऱ्याची गाडी येऊन नेणार होती. गाडी यायच्या दिवशी काका घरून एक गाठोडं घेऊन आले. चार पिशव्यांत बांधलेला बिस्किटांचा डबा. ठकी सोबत होती. काकूनेच सांगितलं होतं म्हणे, तिला न्या, तिच्या समोर टाका. लपवून पुन्हा काही नको.

ठकीने डबा ओळखला. आवाजावरून. आत पोपडे खळखळले. ती धावत आली आणि काकांच्या हातातून घ्यायला बघू लागली. "माझा."

"हो, तुझा," काका म्हणाले. "तो मी तुला दिला. चुकलं माझं. त्याच्यात विष आहे."

तिला विष कळलं की नाही, देव जाणे. ती डब्याला धरून राहिली. काका ओढत नव्हते, सोडतही नव्हते. शेवटी काकूने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठकीने बोटं सैल केली. डबा पिशवीत गेला. काकांना गाठ मारता येईना, मनगट वळत नव्हतं. गाठ काकूने मारली. गाडीवाल्याने पिशवी फेकली तेव्हा आतून पुन्हा एकदा खळखळ झाली, आणि ठकी रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. कोणी तिला गप्प केलं नाही.

ते काकांचं शेवटचं काम. त्यानंतर हाताने साथ दिली नाही. आता ते दुपारी आमच्या खोलीत येऊन बसतात. नव्या रंगाऱ्यांना भिंतीला हात कसा लावायचा ते दाखवतात, आणि मी भाषण करायला लागले की मध्येच म्हणतात, "वकीलबाई, आवाज खाली. त्यांचीही पोरं असतील."

नव्या रंगाचे वर्ग उघडले त्या सकाळी मी गेले होते. पोरं बाकांवर जागेसाठी भांडत होती. ठकी मागच्या भिंतीपाशी गेली, नव्या रंगावर तळहात टेकवला, अगदी काकांसारखा, खाली बसून. मग नखाने एक कड शोधायला लागली. कड कुठे नव्हती. तिने काकांकडे वळून पाहिलं.

"खाली काय?"

काका तिच्याशेजारी खाली बसले. त्यांनी ती भिंत अंगुळ अंगुळ बघितली होती. वरच्या भागात जुना रंग अजून होता, झाकलेला, धरून बसलेला; तेही त्यांना माहीत होतं. पण ती जिथे बसली होती, पोरांचा हात पोचतो त्या उंचीपर्यंत, तिथे त्यांनी जुना रंग म्हणून शिल्लक ठेवला नव्हता.

"इथे खाली भिंत आहे, बाळा," ते म्हणाले. "नुसती भिंत."